वाटाड्यांचें ऋण

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें गांव त्वरितादेवीच्या स्थानामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच्या उत्तरेस गोदावरी, वायव्येच्या बाजूस पैठण, आणि दक्षिणेस बालाघाटचे डोंगर ओलांडून पुढें तेर. पैठण व तेर हीं सातवाहनकालीन मोठीं व्यापारी नगरें. त्यांच्या मधला हा मुलूख मात्र पर्जन्यछायेंतला. उन्हाळ्यांत येथील ओढे कोरडे पडतात आणि पावसाळ्यांत काळ्या रानांतून गाडी निघत नाहीं. अशा मुलखाचा नकाशा कोणीं केला, हें आपण विचारतों. वाट कोणीं दाखविली, हें सहसा विचारीत नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें सागरप्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें. दक्षिणापथाच्या अंतर्भागांत वैराण प्रदेश व मोठाले पर्वत आहेत, असें तो सांगतो. भडोचपासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणचे मौल्यवान दगड व तगरचें कापड धड रस्ते नसलेल्या मुलखांतून गाड्यांवर लादून भडोचेस येई, अशीही त्याची नोंद आहे. हा गृहस्थ बंदरांचा जाणता. घाटावरील हीं अंतरें त्यास बहुधा गाडीवानांच्या व तांडेवाल्यांच्या तोंडूनच कळलीं असावींत. त्यांचें माप कोसांचें नव्हे, मुक्कामांचें होतें.

या मापाचा उपयोग पुढें अठराशें वर्षांनीं झाला. तगर म्हणजे कोणतें गांव, याविषयीं विद्वानांत दीर्घ काळ वाद चालला होता. कोणी देवगिरीचें नांव घेई, कोणी जुन्नरचें. १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर, असें प्रतिपादन केलें, आणि तें पुढें मान्य झालें. पैठणहून तेर आग्नेयेस सुमारें दीडशें किलोमीटर. लादलेल्या बैलगाडीस ही वाट दहा दिवसांचीच! ज्या निनांवी गाडीवानानें तो आंकडा सांगितला, त्याची साक्ष अशा रीतीनें खरी ठरली.

वाटाड्याचें ज्ञान म्हणजे केवळ दिशेचें ज्ञान नव्हे. कोणत्या ओढ्यांत वैशाखांत झिरा लागतो, नदीला उतार कोठें आहे, शेंकडों बैलांस चारा कोणत्या माळावर मिळेल, हें ज्यास ठाऊक तो वाटाड्या. धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांनीं हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें.

प्रसंगीं राज्याचें दैव या ज्ञानावर अवलंबून असे. १६७९ सालीं जालना लुटून परततांना शिवाजीमहाराजांस मोंगली फौजेनें संगमनेराजवळ गांठलें. सिधोजी निंबाळकर लढतांना पडले. त्या वेळीं बहिर्जी नाईक जासुदानें आडवाटेनें, रात्रंदिवस मजल मारून, महाराजांस पट्टागडावर सुखरूप पोंचविलें, असें सभासद सांगतो. उलट १० ऑगस्ट १७६३ रोजीं, याच गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें, निजामाच्या फौजेचा कांहीं भाग गोदावरी उतरून पलीकडे गेला होता व दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडेच होता. नदीला पूर आलेला. माधवराव व राघोबादादा यांच्या सैन्यानें दिवाणास गांठलें, तो मारला गेला, आणि पैलतीरावरून निजामास कांहींएक मदत करतां आली नाहीं.

पुढें छापील नकाशांचा काळ आला. रेनेलनें १७८२ सालीं हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांतील दक्षिणेचा भाग भरण्यास बुसीच्या फौजेच्या मजलांचा आधार घेतला होता. फौजेपुढें जासूद व वाटाडे चालत, हें निराळें सांगावयास नको. लॅम्बटननें १८०२ सालीं मद्रासेजवळ त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली, १८१५ सालीं बिदरजवळ पायारेषा मोजली, आणि १८२३ सालीं हिंगणघाट येथें देह ठेविला. त्याच्या कामाची अचूकता वादातीत आहे. परंतु डोंगराचें शिखर कोठें आहे हें यंत्र सांगतें. त्याच्या पायथ्याची विहीर केव्हां आटते हें सांगत नाहीं.

इतर देशांतही हाच प्रकार दिसतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटांच्या नकाशांवर फ्रेमाँटचें नांव आलें. त्याचा वाटाड्या किट कार्सन निरक्षर होता. आपल्याकडे नैनसिंगानें १८६५-६६ सालीं मोजक्या पावलांनीं व शंभर मण्यांच्या माळेनें तिबेटची वाट मोजली, आणि त्यास पुढें लंडनच्या भूगोलसंस्थेचें सुवर्णपदक मिळालें. पण असें भाग्य एखाद्यासच.

आज पैठणास धरण आहे, वाटांवर डांबर पडलें आहे, आणि उताराची चौकशी कोणी करीत नाहीं. तरी जुन्या वाटा, बारवा व मुक्काम सांगणारीं वृद्ध माणसें खेड्यापाड्यांत अद्यापि भेटतात. सुटींत गांवीं जाणाऱ्या सुशिक्षितांनीं त्यांच्याजवळ घटकाभर बसून तीं नांवें वहींत उतरून घ्यावींत. पेरिप्लसकारानें याहून अधिक कांहीं केलें नव्हतें. फक्त ज्यानें सांगितलें त्याचें नांव लिहावयास तो विसरला. तेवढें आपण विसरूं नये.