कंपनीचा कर्जखर्च: संचालक मंडळाची देखरेख आणि सामाजिक उत्तरदायित्व अहवाल

कर्जखर्च म्हणजे उसन्या भांडवलासाठी कंपनीला मोजावी लागणारी किंमत. बँककर्जावरील व कर्जरोख्यांवरील व्याज हा तिचा मुख्य भाग होय. समान मुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा कंपनीला जे जादा व्याज द्यावे लागते, ते धनकोने पत्करलेल्या जोखमीचे मोल असते.

धनकोला नफ्यात वाटा नसतो. कंपनी बुडाल्यास मात्र त्याचे मुद्दल जाते. त्यामुळे हिशेब खरे आहेत का आणि व्यवस्थापनावर कोणाचा वचक आहे, याकडे त्याचे लक्ष असते. अँडरसन, मन्सी आणि रीब यांच्या २००४ मधील अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासात, ज्या संचालक मंडळांत स्वतंत्र संचालकांचे प्रमाण अधिक होते, त्या कंपन्यांचा कर्जखर्च कमी आढळला.

आयएल अँड एफएस प्रकरण

केवळ कागदोपत्री असलेली देखरेख किती महाग पडते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईस्थित इन्फ्रास्ट्रक्चर लीजिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस ही कंपनी. तिच्या समूहावर सुमारे ९१,००० कोटी रुपयांचे कर्ज होते. मंडळावर नामवंत संचालक होते, भागधारकांत आयुर्विमा महामंडळ व स्टेट बँक होती आणि पतमानांकन सर्वोच्च, म्हणजे 'एएए' होते. मात्र तिच्या जोखीम व्यवस्थापन समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाली. ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने देणी थकवली आणि काही आठवड्यांत मानांकन 'डी' या तळच्या श्रेणीपर्यंत घसरले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने मंडळ बदलण्यास परवानगी दिली. नव्या मंडळाचे अध्यक्षपद उदय कोटक यांच्याकडे आले. वर्षभरापूर्वीच त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कंपनी सुशासनाविषयीचा अहवाल सेबीला सादर केला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. या घटनेनंतर इतर बिगरबँक वित्तसंस्थांनाही कर्ज मिळणे अवघड व महाग झाले.

सामाजिक उत्तरदायित्वाचे अहवाल

खर्च आणि अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. धनकोला अधिक उपयोगी पडतो तो व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल. सेबीने तो २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केला. प्रदूषण, कामगारांचे अपघात, प्रलंबित तक्रारी अशा उद्या देणी ठरू शकणाऱ्या बाबी त्यात दिसतात.

गॉस आणि रॉबर्ट्स यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, सामाजिक उत्तरदायित्वाबाबत आक्षेप असलेल्या अमेरिकी कंपन्यांना बँका ०.०७ ते ०.१८ टक्के अधिक व्याज आकारत. १०० कोटींच्या कर्जावर हा फरक वर्षाला ७ ते १८ लाख रुपये होतो. दुबळी पत असलेल्या कंपनीने हौसेने केलेला सामाजिक खर्च धनकोंना रुचत नाही, असेही त्यांना आढळले.

उद्दिष्टाशी बांधलेले व्याज

मुंबईस्थित अल्ट्राटेक सिमेंटने फेब्रुवारी २०२१ मध्ये २.८० टक्के व्याजदराने ४० कोटी डॉलरचे शाश्वतता-संलग्न रोखे विकले. कार्बन उत्सर्जन घटवण्याचे ठरलेले उद्दिष्ट २०३० पर्यंत साधले नाही, तर व्याजदर पाऊण टक्क्याने वाढेल, अशी त्यांत अट आहे.