उसना वाघ आणि कविसमय

जे शास्त्रात नाही, लोकव्यवहारात नाही, तरीही परंपरेने चालत आलेले म्हणून कवी ज्याची योजना करतात, त्याला राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमय म्हटले. जलाशय आला की हंस आलाच, मग तो तिथे असो वा नसो. या संकेताचे समर्थनही त्याने मार्मिक केले आहे: पूर्वसूरींनी देशांतरी जे पाहिले ते त्या स्थळी, त्या काळी खरे होते, पुढे देशकाळ पालटला, वर्णन तेवढे राहिले. (‘यायावर’ कुळातल्या कवीला देशांतराचे कारण सुचावे, हे गमतीचेच.)

पर्यावरणसंस्थांच्या जाहिरातींत वापरले जाणारे ‘स्टॉक फुटेज’, म्हणजे शुल्क देऊन मिळणारी तयार प्राणिदृश्ये, हा मला या कविसमयाचा थेट वारस वाटतो. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला जंगलात महिनोन्महिने छायाचित्रकार बसवणे परवडत नाही. ती साठ्यातून सोनेरी गवतातला वाघ उचलते. तेवढ्यावरून तिला लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु हंसाकडे पाहून कोणी देणगी दिली नव्हती. काव्याचा वाचक संकेत जाणतो. चित्रफितीचा प्रेक्षक तिला साक्ष मानतो.

या साक्षीचा इतिहास पहिल्यापासूनच डागाळलेला आहे. 1909 साली सेलिग कंपनीने रूझवेल्ट यांची आफ्रिकेतील शिकार म्हणून जे दाखवले, तो सिंह शिकागोत मारलेला होता. डिस्नेच्या 1958 च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग समुद्रात उड्या घेतात, चित्रीकरण समुद्र नसलेल्या आल्बर्टा प्रांतातले आणि प्राणी ढकललेले, हे 1982 मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने उघड केले. 2017 चे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. ‘सीलेगसी’ या संस्थेच्या छायाचित्रकारांनी सॉमरसेट बेटावर टिपलेले उपाशी अस्वल खरे होते. मात्र ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याला हवामानबदलाचा पुरावा म्हणून मांडले आणि 2018 मध्ये आपण फार पुढे गेलो, हे मान्य केले. फीत खरी, मथळा उसना. आपल्याकडे 2010 च्या व्याघ्रमोहिमेत 1411 हा आकडा घरोघर पोचला. पण आकड्याला गाव नसते.

ही उणीव सावद्यात बसून विशेष जाणवते. उत्तरेला सातपुडा, त्यात 1969 पासूनचे यावल अभयारण्य, आणि सभोवती केळीच केळी. तापीपलीकडे मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेड्याच्या परिसरातला वाघ पूर्णाकाठच्या केळीबागांत वावरतो. पाणी, गारवा आणि दाट आडोसा त्याला तिथे मिळतो. 2014 साली ‘मुक्ताई-भवानी’ हे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले ते याच भागात. हा वाघ कुठल्याही साठ्यात बसत नाही. त्याच्यामागे सोनेरी गवत नाही, ठिबकच्या नळ्या आहेत. त्याला पाहणारा पर्यटक नाही, पहाटे पाणी सोडायला गेलेला सालदार आहे.

संकेतरूढ वाघावर पोसलेल्या नजरेला हा वाघ ‘चुकून आलेला’ वाटतो. ‘वाघ गावात शिरला’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो. त्यातला ‘शिरला’ कोणत्या फितीतून आला? जाहिरातीतला वाघ वाचवावा म्हणून शहरात पैसे जमतात. केळीतला वाघ दिसला की पिंजऱ्याची मागणी होते. सालदाराला त्या पहाटे कोणता वाघ दिसतो, हे कोणत्याच जाहिरातीने अजून विचारलेले नाही.