जुम्मा दरवाजा

नागपुरातल्या महालात गांधी गेटाखाली उभे राहा. दुचाक्या, ई-रिक्षा अंगाला घासून चालल्यात. जाऊ द्या त्यांना. कमानीच्या दगडावर तळहात टेकवा आणि मागे चला.

गाड्यांचा आवाज विरला. १ जानेवारी १८७७. जुम्मा तलावाकडे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आज सुरू होतेय. गांधी गेट कुठं, असं कुणाला विचारू नका. पोरबंदरात जन्मलेला मोहन गांधी आत्ता सात वर्षांचा आहे. जुम्मा दरवाजा विचारा, कुणीही दाखवेल.

आणखी मागे. १८६४. जळक्या लाकडाचा वास नाकात शिरतो. भोसल्यांचा काळ्या दगडाचा राजवाडा पेटलाय, त्यावरचं अप्रतिम लाकडी कोरीवकाम धडधडतंय. नगारखाना तेवढा वाचेल. पण ज्या महालावरून या वस्तीला महाल म्हणतात, तो गेला तरी नाव हलणार नाही.

आता डोकं खाली घाला! २४ डिसेंबर १८१७. सीताबर्डीची लढाई हरून महिना होत आला, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती गेलेत. तरी त्यांचे अरब शिपाई शहर सोडायला तयार नाहीत. इंग्रजांच्या जनरल डव्हटनच्या तोफांनी इथंच तटाला खिंडार पाडलंय आणि गोरे त्यातून आत घुसू पाहताहेत. वरून बंदुका कडाडतात. हल्ला मागे फिरतो! राजाच उरला नसताना हे परमुलखातले लोक कुणासाठी लढले, या विचारानं माझा तर गळा दाटतो. पुढे अटी ठरल्यावरच ते बाहेर पडतील.

धूर निवळला की चांद सुलतानाचं राज्य लागेल. या गोंड राजानं शहराभोवती तीन मैलांचा तट घातला, तलाव बांधला. तो जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार. मराठी तोंडात त्याची शुक्रवारी झाली, वार तोच राहिला. तिकडे इतवारी पेठेची मात्र कुणी रविवारी केली नाही, आणि बरंच झालं. तलावालाही पुढे गांधीसागर म्हणतील.

शेवटचं पाऊल. १७०२. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह बारा खेडी जोडून शहर वसवतोय. तट नाही, तलाव नाही, वेस नाही. जवळून नाग नदी वाहतेय. तळहाताखालचा दगड कधीच निसटलाय.