सफारी : शिकारीपासून संरक्षणापर्यंत

‘सफारी’ हा मुळात अरबीतून स्वाहिलीत आलेला शब्द, अर्थ प्रवास. गोऱ्या शिकाऱ्यांमुळे तो शिकारीला चिकटला. प्राणी घटू लागले, तेव्हा रान राखून ठेवण्याची कल्पना पुढे आली. दक्षिण आफ्रिकेत १९२६ साली क्रूगर आणि टांगानिकात १९५१ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मासाई पशुपालकांना मात्र बाहेर पडावे लागले.

आपल्याकडेही क्रम असाच आहे. ताडोब्यात १९३५ साली शिकारबंदी झाली. १९५५ साली ११६.५५ चौ. कि.मी.चे राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते! चांदा काय किंवा आपले कळमेश्वर काय, दोन्ही जुन्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे बोटेझरी, नवेगाव यांसारखी गावे जंगलाबाहेर वसवली गेली.

ताडोबा हे नावही तारू या आदिवासी दैवतावरून आले आहे. म्हणून कळमेश्वरच्या शाळेची सहल तेथे नेली, तर ‘वाघ दिसला का?’ एवढ्यावर थांबू नये. हे रान कोणाचे होते आणि ते राखताना कोणी घर सोडले, हेही विद्यार्थ्यांना शोधायला सांगू या.