भुतांची कंपनी

भुताची गोष्ट सांगायची ती ऐकणाऱ्याला घाम फोडायला, असा आपल्याकडचा जुना रिवाज. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, कोकणातला देवचार, ही मंडळी लहानपणी आपल्या ओळखीची होतात ती अंधाराबरोबरच. बंगालमध्ये मात्र १८९२ साली एका गृहस्थाने भुतांची एक कंपनी काढली आणि तीही रीतसर इंग्रजी नावाने : ‘स्कल, स्केलेटन आणि कंपनी’. एक भागीदार नुसती कवटी, दुसरा नुसता सांगाडा. ‘कवटी, सांगाडा आणि मंडळी’ असे देशी नाव का नाही ठेवले, तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? इंग्रजी नाव लावले, पुढे ‘कंपनी’ जोडले की पत वाढते, गिऱ्हाईक मान देते! भुतांनासुद्धा आपल्या पतीची चिंता पडावी, असा तो काळ होता.

हे गृहस्थ म्हणजे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय, आणि कंपनीचा पत्ता म्हणजे त्यांची ‘कंकावती’ ही कादंबरी. मामा वरेरकरांच्या कृपेने बंकिमबाबू आणि शरदबाबू आपल्या घरात केव्हाच येऊन बसले. त्रैलोक्यनाथ मात्र आमच्या दारापर्यंत फारसे पोचले नाहीत. दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांची ओळख करून द्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मुले बारा-चौदा वर्षांची झाली की त्यांना राक्षसाच्या गोष्टी पोरकट वाटू लागतात, आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून कळत नाहीत. त्या अडनिड्या वयासाठी हे पुस्तक आहे. थोरांनी चोरून वाचले तरी हरकत नाही.

त्रैलोक्यनाथांचा जन्म १८४७ चा, चोवीस परगण्यांतल्या राहुता गावचा. शिक्षण अर्धवट सुटले. मग शाळामास्तरकी केली (हे वाचून मला बरे वाटले, हे कबूल करतो), कटकेस पोलिसात नोकरी केली, पुढे हंटरसाहेबांच्या कचेरीत कारकुनी केली. ऐन विशीच्या आत बंगाल-ओरिसातला १८६६ चा दुष्काळ त्यांच्या काळात होऊन गेला. पुढे उत्तरेकडे शेतकी-व्यापार खात्यात असताना १८७७-७८ चा दुष्काळ आला, तेव्हा या बाबूने रायबरेली आणि सुलतानपूरकडे गाजरे लावण्याचा प्रयत्न चालवला. गाजर लवकर येते आणि भुकेल्याच्या पोटाला आधार देते, एवढा साधा हिशेब. भुतांच्या गोष्टी लिहिणारा माणूस गाजरांचा हिशेब ठेवत होता, हे ध्यानात असू द्यावे. १८८६ साली लंडनला वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले, तिकडे सरकारने त्यांना पाठवले. ब्राह्मणाने समुद्र ओलांडला! तिथे प्रदर्शनातल्या वस्तू पाहायला आलेले लोक यांच्याकडेही टकमक पाहत उभे राहत. परत आल्यावर त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिले, कलाकुसरीच्या मालावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, कलकत्त्याच्या म्युझियममध्ये अधिकाराची जागा सांभाळली आणि वयाच्या पंचेचाळिशीत ही कादंबरी लिहिली.

कंकावती हे नाव त्यांचे नव्हे. बंगाली आज्या एक जुनी गोष्ट सांगत. भाऊ आंबा आणतो आणि म्हणतो, हा आंबा जी खाईल तिच्याशी मी लग्न करीन. धाकट्या कंकावतीला काय ठाऊक? ती तो खाते. भाऊ हट्टाला पेटतो आणि पोर नावेत बसून पाण्यात निघून जाते. त्रैलोक्यनाथांनी ती नाव घेतली आणि भावाच्या जागी बाप बसवला.

हा बाप तनू राय. मुलीच्या लग्नात पैसे देणारा नव्हे, घेणारा. थोरल्या दोघी त्याने म्हाताऱ्यांना देऊन टाकल्या, आणि दोघीही विधवा होऊन माहेरी आल्या आहेत. आता धाकटी कंकावती. गावचा वृद्ध जमीनदार जनार्दन चौधरी तिच्यासाठी रक्कम मोजायला तयार आहे. तिचे मन शेजारच्या खेतूवर. खेतू गरीब, कलकत्त्याला शिकलेला, सरळ. त्याला वाटेतून दूर कसा करायचा? गावकरी मोठी नामी युक्ती काढतात : खेतूने कलकत्त्यात बर्फ खाल्ला!

बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ कलकत्त्याला प्रथम उतरला १८३३ साली. १८७८ मध्ये तर तिथे बर्फाची कंपनीही निघाली. पण खेड्यात बर्फ म्हणजे साहेबाने गोठवलेले पाणी, आणि साहेबाचे पाणी पोटात गेले की जात गेली. साक्षीदार येतो, पांढरे पांढरे काहीतरी त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि पंचांपुढे जबानी होते. वाचताना हसून पुरेवाट होते. पण शेवटी पोराला वाळीत टाकतात आणि पोरीचा सौदा पक्का होतो. ज्या लेखकाने स्वतः काळे पाणी ओलांडले होते, त्याने बर्फाच्या एका खड्यावर हे सारे उभे केले, यात मला त्याची खरी ताकद दिसते.

या पहिल्या भागात भूत एकही नाही. मग कंकावतीला ताप भरतो, ती नदीकडे धावते, आणि दुसरा भाग सुरू होतो. पाण्याखाली मासे तिला राणी करतात. राणीला शोभेसा पोशाख हवा म्हणून खेकडा तिला शिंप्याकडे नेतो. कोट-पाटलोण-टोपी घातलेला बेडूकसाहेब भेटतो. त्याला बेडूक म्हटलेले खपत नाही; तो इंग्रजीसारखे काहीतरी फाडफाड बोलतो. लंडनच्या गर्दीत लोक ज्याच्याकडे टक लावून पाहत, त्यानेच हा साहेब रंगवला! नाकेश्वरी नावाची हडळ आहे. बंगाली भुते नाकातून बोलतात, त्यामुळे त्यांच्या संवादांवर चंद्रबिंदूंचा पाऊस पडलेला असतो. ही बाई तर नाकाचीच ईश्वरी. आणि मच्छर! कंकावती दिसताच मच्छर चौकशी करतात, तू कोणाची? म्हणजे कोणत्या मच्छराच्या मालकीची. माणसे ही त्यांची जमीनदारी आहे, वतने वाटून घेतली आहेत आणि कोणाच्या माणसाचे रक्त कोणी प्यावे याचा कायदा आहे. हिवतापाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस दाखवला तो १८९७ साली, म्हणजे पुस्तकानंतर पाच वर्षांनी. त्रैलोक्यनाथांना तो ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना जमीनदार ठाऊक होते, तेवढे पुरले.

तनू राय एकदा बोलून गेलेला असतो की वाघ जरी पैसे घेऊन आला तरी त्याला मुलगी देईन. एके रात्री वाघ खरेच दारात येतो, पैसे घेऊन. बाप मुलगी देतो! (वाघाच्या कातड्यात कोण असते, ते मी इथे सांगणार नाही. पोरांची मजा जाईल.) हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, “पण सर, वाघाला भूक लागली तर?” तनू रायाला हा प्रश्न पडत नाही, कारण तोवर पैसे मोजून झालेले असतात.

रवींद्रनाथांनी ‘साधना’ मासिकात या कादंबरीचे परीक्षण केले. त्यांना इंग्रजीतल्या अ‍ॅलिसची आठवण झाली. आपल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही रिझवील असा लेखक बंगालीला मिळाला, याचा त्यांना आनंद झाला. पण एक हरकतही त्यांनी घेतली. दुसरा भाग तापातले स्वप्न म्हणून दाखवला आहे. परंतु ही परीकथा आहे, स्वप्न नव्हे, कारण ती विलक्षण असली तरी स्वप्नासारखी विस्कळीत नाही. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालू नये. तरी मला वाटते, ती विस्कळीत नाही याचे कारण पहिला भागच तिथे पुन्हा चालू आहे. तिथला जमीनदार इथे मच्छर होतो, गावातला साहेबी थाट बेडकाच्या अंगावर चढतो, बापाचा शब्द वाघाच्या पायांनी दारात येतो. भुतांचे आपल्याला हसू येते. भीती वाटते ती पहिल्या भागातल्या, दोन वेळचे जेवणाऱ्या सभ्य माणसांची.

वर्षे पाहा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, वयाची मर्यादा दहावरून बारावर आली, आणि त्यावर केवढे रणकंदन माजले! त्याच सुमारास पुण्यात हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली जात होती. यमूचे दुःख वाचून घरोघरच्या बायका रडल्या. तिकडे कलकत्त्यात त्याच दुखण्यावर एकजण लोकांना हसवत होता. दोघांची ओळख असल्याचे कुठे दिसत नाही.

पुढे ‘लुल्लू’ या गोष्टीत त्रैलोक्यनाथांनी आणखी धमाल केली. पाणी गोठले की जसा बर्फ होतो, तसा अंधार गोठला की भूत होते, असा त्यांचा सिद्धांत. मग साहेबांनी बर्फाचे यंत्र काढले तसे भुतांचेही का काढू नये? म्हणजे पुन्हा बर्फच. त्याच गोष्टीत एका भुताला वर्तमानपत्राचे संपादकही केले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी हे वाक्य कापू नये, ही विनंती. १९१९ साली ते वारले. नंतर १९२३ मध्ये निघालेल्या पुस्तकातला त्यांचा डमरूधर दुर्गापूजेच्या दिवसांत मित्रांना जमवून थापा मारत बसतो, आणि बंगाली घरांत तो अजून बसलेला आहे.

‘कंकावती’चा शेवट मात्र मला पुरेसा पटत नाही. तापाच्या त्या जगात ही पोर नवऱ्याच्या प्राणासाठी आकाशात चढून चंद्राकडे जाते, नाकेश्वरीशी झुंजते, कोणालाही भीत नाही. आणि जागी होते तेव्हा लग्न जुळलेले असते ते म्हाताऱ्या जमीनदाराची बुद्धी पालटली म्हणून. सात वर्षांनी, १८९९ साली, देवलांची ‘शारदा’ आपल्या रंगभूमीवर आली. तिथेही पंचाहत्तरीच्या श्रीमंताच्या तावडीतून पोर सुटते ती बापाला लाज वाटली म्हणून नव्हे. वधूवरांचे गोत्र एक निघाले म्हणून.