सायकलच्या तारेवरचा कबाब

८ फेब्रुवारी १९८६ ही चिनी नववर्षाची आदली रात्र होती. या रात्री सरकारी दूरचित्रवाणीवर वसंतोत्सवाचा मोठा कार्यक्रम असतो आणि घरची झाडून सगळी माणसं तो पाहायला बसतात. त्या वर्षी चेन पेइसी आणि झू शीमाओ या लोकप्रिय विनोदी जोडीने त्यात एक छोटं प्रहसन केलं. नाव होतं 'यांगरौच्वान', म्हणजे सळईवर भाजलेलं मेंढीचं मटण. चेन झाला होता परवाना नसलेला विक्रेता आणि झू बाजारावर देखरेख ठेवणारा. चेन शिनजियांगकडच्या माणसासारखे हेल काढून गिऱ्हाईक बोलावत होता आणि लोक खो खो हसत होते.

हा विनोद कळायला प्रेक्षकाला तीन गोष्टी आधीच ठाऊक असाव्या लागतात. पदार्थ कोणता, तो विकणारा मूळचा कुठला, आणि त्याची नक्कल करून इतरही तोच धंदा करू लागलेत. आश्चर्य याचं, की दहा वर्षांपूर्वी बीजिंगच्या फुटपाथवर यातलं काहीच नव्हतं. अवघ्या काही वर्षांत एक पदार्थ इतका ओळखीचा झाला होता, की त्याच्या नकलेवरही हसता येत होतं.

आज चीनमध्ये कोणालाही विचारा, यांगरौच्वान हा रस्त्यावरचा अस्सल चिनी खाऊ आहे असंच उत्तर मिळेल. त्याला फार जुना वंशवृक्षही जोडला जातो. शानतुंग प्रांतातल्या लिनयी भागात हान काळातले, म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वीचे, कोरीव दगड सापडले आहेत. त्यांवर माणसं शेगडीवर सळया धरून मांस भाजताना दिसतात; एकाच्या हातात विस्तव फुलवायला पंखाही आहे. बीजिंगकरांना मेंढीच्या मटणाचंही नवल नव्हतं. तिथलं काओरौवान हे भाजलेल्या मटणाचं उपाहारगृह १६८६चं, काओरौजी १८४८चं. दोन्ही हुई मुसलमानांची. तिथे मटणाचे पातळ काप मोठ्या लोखंडी जाळीवर परतून देतात.

पण दगडावरची सळई आणि १९८६च्या बीजिंगमधली सळई यांच्यात सलग नातं दाखवता येत नाही. विस्तवावर मांस टोचून धरणं जगात अनेक ठिकाणी माणसांना आपापलं सुचलेलं आहे. यांगरौच्वानची ओळख वेगळ्याच दोन गोष्टींत आहे, जिरं आणि लाल तिखट. जिरं पश्चिमेकडून मध्य आशियाच्या वाटेने आलं. चिनी भाषेत त्याला 'झिरान' म्हणतात, तो शिनजियांगच्या उइगुर मुसलमानांच्या 'झिरे'चाच अवतार. आणि मिरची अमेरिकेतली; चिनी पुस्तकांत तिचा पहिला उल्लेख १५९१चा, तोही शोभेच्या झाडासारखा. म्हणजे हान काळातल्या त्या शेगडीवर आजच्या यांगरौच्वानचा वास येणं शक्यच नव्हतं. कूळ शोधायचं तर दगड सोडून शिनजियांगमधल्या काशगरच्या बाजारात जायला हवं.

काशगरमध्ये कबाबाला 'कावाप' म्हणतात आणि तो भाजणाऱ्याला 'कावापची'. मेंढी जाड शेपटीची, दुंबा जातीची. तिच्या शेपटीत चरबीचा साठा असतो आणि कावापचीचं निम्मं कसब या चरबीत आहे. तो मांसाचे चांगले दोन बोटं रुंद तुकडे करतो आणि दर दोन-तीन तुकड्यांनंतर चरबीचा एक तुकडा ओवतो. सळई लोखंडाची, हातभर लांब आणि चपटी. चपटी असल्यामुळे ती उलटली की सगळे तुकडे तिच्याबरोबर उलटतात. गोल सळईवर जड तुकडा जागच्या जागी गिरकी घेतो आणि एक बाजू कच्ची राहते.

कोळसे आधी फुलू द्यायचे, ज्वाळा बसली की लांब अरुंद शेगडीवर सळया आडव्या लावायच्या. चरबी वितळायला लागते, शेजारच्या मांसावर उतरते आणि त्याला कोरडं पडू देत नाही. उरलेली निखाऱ्यावर ठिबकते, धूर उठतो आणि तो धूर पुन्हा मांसालाच लागतो. कावापची एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालतो, दुसऱ्या हाताने पाच-सहा सळया एकदम उलटतो. मीठ, जिरं आणि तिखट चिमटीतून वरून भुरभुरतो, तेही उशिरा, कारण मसाला आधी घातला तर जळून कडू होतो. खाणारा गरम नान तळहातावर घेतो, सळई त्यात धरतो आणि तुकडे ओढून काढतो. वितळलेली चरबी नान पिऊन टाकतो. तकलामकान वाळवंटाच्या कडेच्या गावांत लोखंडी सळईऐवजी झाऊची, म्हणजे तिकडे नदीकाठी वाढणाऱ्या लालसर झुडपाची, काडीही वापरतात. ताजी फांदी सोलायची, टोक काढायचं आणि त्यावर मांस ओवायचं.

असा दांडगा कावाप बीजिंगला जसाच्या तसा पोचला नाही. तो पोचला कसा, यातच यांगरौच्वानचा जन्म आहे.

डिसेंबर १९७८मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आर्थिक सुधारणांचा रस्ता धरला. पुढच्या दोन-तीन वर्षांत लहानसहान खाजगी धंद्यांना मोकळीक मिळाली. त्याआधी बाजार जवळजवळ बंद पाडलेले होते. मोकळीक मिळताच पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या उइगुरांनी पूर्वेची वाट धरली. काशगरला रेल्वे पोचली १९९९मध्ये. तोवर आधी बसने वाळवंटाची कड धरून उरुमचीला यायचं आणि तिथून तीन-एक दिवसांची आगगाडी. कोणी तुरफानचे मनुके आणले, कोणी परतताना कापड नेलं, कोणी परदेशी प्रवाशांसाठीचं खास चलन काळ्या बाजारात बदलून देऊ लागला. आणि ज्याच्याजवळ भांडवल अगदीच थोडं होतं, त्याने शेगडी मांडली.

कावापला दुकान लागत नाही, टेबल-खुर्च्या लागत नाहीत, नानला लागते तशी भट्टी लागत नाही. पत्र्याची शेगडी बगलेत मारून उठता येतं. बीजिंगमध्ये हुई मुसलमानांची जुनी वस्ती असल्याने हलाल मटणाची सोय होती. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या खिशाची. १९८५च्या सुमारास शहरी नोकरदाराचा सरासरी पगार महिन्याला शंभर युआनच्या आत होता. हातभर सळईभर मटण रोज संध्याकाळी कोण घेणार? मग सळई बारीक झाली. मांसाचे तुकडे नखाएवढे झाले. किंमत आली एक-दोन जिआववर, म्हणजे युआनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शावर. शाळेतून सुटलेलं पोरही एक काडी घेऊ शकेल, अशी.

बारीक सळईही शहरानेच पुरवली. तेव्हाचा चीन सायकलींचा देश होता आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या चाकांचे स्पोक ढिगाने पडलेले असत. एक टोक घासून धारदार केलं की सळई तयार. स्पोक गोल असतो, त्यावर मोठा तुकडा गिरकी घेणारच. पण नखाएवढे तुकडे एकमेकांना दाबून बसवले की ते हलत नाहीत. लहान तुकडा मिनिटा-दोन मिनिटांत भाजून निघतो, त्यामुळे रांगही भराभर सरकते. गिऱ्हाईक उभ्याने खातं आणि रिकामे स्पोक परत करतं. विक्रेता ते मोजून पैसे घेतो. हिशेबाला ना कागद ना पाटी. मांस स्वस्तातलं असेल, चरबी कमी असेल, तर जिऱ्या-तिखटाचा हात सैल सोडून ती कसर भरता येते. यांगरौच्वानचं आजचं रूप, म्हणजे बारीक काडी, लहान तुकडे आणि झणझणीत मसाला, हे काशगरच्या चालीरीतीतून आलेलं नाही. फुटपाथवरच्या एकेका अडचणीला काढलेल्या तोडग्यांची ती बेरीज आहे. नंतर स्पोकची जागा बांबूच्या काडीने घेतली, पण माप तेच राहिलं.

इतकं सोपं झाल्यावर नक्कल अटळ होती. तंत्र दिवसभर डोळ्यांसमोर होतं, भांडवल नाममात्र. हान चिनी आणि हुई विक्रेतेही शेगड्या घेऊन उभे राहिले. त्यांतल्या काहींनी डोक्यावर उइगुरांची नक्षीदार डोप्पा टोपी चढवली आणि बोलण्यात शिनजियांगी हेल आणला, कारण गिऱ्हाइकाला मटणाबरोबर तो हेलही हवा होता. चेन पेइसीचं प्रहसन नेमकं या टप्प्यावरचं आहे. एक हान नट पडद्यावर जे करत होता, तेच रस्त्यावर पोटासाठी चाललं होतं.

उइगुरांनीही शहरात पाय रोवले. बीजिंगच्या हाइदियान भागात, अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्रीय विद्यापीठाजवळच्या वेइगोंगत्सुनमध्ये आणि गानजियाखौमध्ये त्यांची उपाहारगृहं एकाला लागून एक उभी राहिली. लोक या वस्त्यांना 'शिनजियांग गाव' म्हणू लागले. शेगडीवाल्याचा तिथे खानावळवाला झाला, मुक्कामाला विद्यार्थी आले, गाणारे-वाजवणारे आले. १९९०च्या दशकाअखेरीस रस्तारुंदी आणि पुनर्विकासाच्या पाडापाडीत गानजियाखौचं गाव उठलं, पाठोपाठ दुसरंही आक्रसलं.

शेगडीवाल्याकडे शहर कोणत्या नजरेने पाहत होतं? एकीकडे आलिमजान हालिक होता. लोक त्याला नुसतं आलिम म्हणत. शिनजियांगच्या हेजिंग तालुक्यातला हा माणूस क्वेइचौ प्रांतातल्या बिजिए या गरीब गावी कबाब भाजायचा आणि साठलेल्या पैशांतून गरीब विद्यार्थ्यांच्या फिया भरायचा. एक लाख युआनहून अधिक रक्कम त्याने अशी दिली आणि २०११ सालासाठी सरकारी दूरचित्रवाणीने वर्षातल्या प्रेरणादायी व्यक्तींत त्याची निवड केली. दुसरीकडे, उइगुर फेरीवाला म्हणजे भांडखोर, वजनात मारणारा, ही प्रतिमाही घट्ट होत होती. डिसेंबर २०१२मध्ये हूनानमध्ये एका उइगुर विक्रेत्याशी सुक्यामेव्याच्या वडीवरून मारामारी झाली आणि पोलिसांनी नुकसानीचा आकडा एक लाख साठ हजार युआन जाहीर केला. त्यावर देशभर विनोदांचा पाऊस पडला. जवळजवळ सत्तावीस वर्षांपूर्वी लोक विक्रेत्याच्या नकलेला हसले होते, आता थेट विक्रेत्यालाच हसत होते.

२०१३ हे वर्ष शेगडीवरच उठलं. हवेच्या प्रदूषणाचं कारण देऊन बीजिंग प्रशासनाने उघड्यावरच्या पाचशेहून अधिक शेगड्या जप्त करून मोडून टाकल्या. त्याच वर्षी पोलिसांनी मांसातल्या भेसळीवरून नऊशेहून अधिक लोकांना अटक केल्याचं जाहीर केलं. काही टोळ्या कोल्ह्याचं नि उंदराचं मांस मेंढीचं म्हणून खपवत होत्या. पुढच्या वर्षी, १ मार्च २०१४ला, कुनमिंग स्थानकावर सुऱ्यांनी झालेल्या हल्ल्यात ३१ जण मारले गेले आणि सरकारने शिनजियांगच्या फुटीरतावाद्यांवर ठपका ठेवला. त्यानंतर ओळखपत्रावर शिनजियांगचा पत्ता असलेल्या माणसाला लॉजवर खोली मिळणंही कठीण झालं. २०१७पासून शिनजियांगमध्ये लाखो उइगुरांना छावण्यांत डांबण्यात आलं. चीन त्यांना व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रं म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२च्या अहवालात म्हटलं, की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. या काळात पूर्वेकडच्या शहरांतल्या कितीतरी उइगुरांना मूळ गावी परत बोलावण्यात आलं. २०१९मध्ये बीजिंगच्या हलाल दुकानांच्या पाट्यांवरून अरबी अक्षरंही पुसायला लावली गेली.

यांगरौच्वान मात्र फोफावतच होता. ईशान्य चीनमधल्या कोरियन वंशाच्या लोकांनी तो सोलला नेला. तिथे आता त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत आणि सोबतच्या जिऱ्याला कोरियनमध्ये 'च्युरान' म्हणतात. काशगरचं 'झिरे', बीजिंगचं 'झिरान', सोलचं 'च्युरान': या शेवटच्या टप्प्यात उइगुर माणूस वाटेत कुठेच लागत नाही. २०२३च्या वसंतात शानतुंगमधल्या झिबो शहराच्या शेगड्यांनी चिनी तरुणांना वेड लावलं, आगगाड्या भरभरून लोक फक्त खायला गेले. तिथे पातळ पोळीत कांद्याची पात आणि भाजलेलं मांस गुंडाळून खातात. काडीवरचे तुकडे पोळीत धरून ओढायचे, ही तऱ्हा काशगरच्या नानवाल्याला परकी वाटली नसती.

गेल्या काही वर्षांत बीजिंग-शांघायच्या चकचकीत उपाहारगृहांत आणखी एक पदार्थ मेनूवर आला आहे, झाऊच्या काडीवरचा मोठ्या तुकड्यांचा कबाब. तो 'अस्सल शिनजियांगी' म्हणून चढ्या भावाने विकला जातो. कुळाचा क्रम इथे उलटा लागतो: स्पोकवरचा नातू चाळीस वर्षांपूर्वी शहरात आला, आजोबांना आणलं गेलं ते अलीकडे, तेही नातवाने गिऱ्हाईक तयार करून ठेवल्यावर. फरक एवढाच, की नातवाबरोबर तीन दिवसांचा प्रवास करून कावापची स्वतः आला होता. आजोबांसाठी पार्सलने फांद्या मागवल्या की काम भागतं.