आकडा कुणाकडे लावायचा?

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, पंचांग बलिप्रतिपदा म्हणते. जुन्या धर्मनिबंधकारांनी याच तिथीला आणखी एक नाव दिले आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी सकाळी शंकर-पार्वती फासे खेळले, शंकर हरले, पार्वती जिंकली, अशी कथा आहे. म्हणून या दिवशी द्यूत खेळावे आणि जो जिंकेल त्याचे वर्ष चांगले जाईल असे समजावे. नाशिकच्या आमच्या घरात या विधानाची मजल बदामसातच्या पुढे कधी गेली नाही. पणाला लागत ते फराळाच्या ताटातले काजू. पण तेवढ्याही डावात आमचे थोरले चुलते, नाना, बसत नसत. पत्ते पिसायला घेतले की ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे. सिन्नर तालुक्यातून १९५८ साली ते मुंबईच्या गिरणीत गेले आणि संपानंतर १९८३ मध्ये रिकाम्या हाताने परत आले. ओट्यावर जाऊन बसण्यामागे काय होते ते मला फार उशिरा कळले, आणि त्या कळण्यातूनच हा लेख निघाला.

नव्या शहरात आलेला माणूस आधी खोली शोधतो, मग खानावळ, मग उधारीवर देणारा वाणी. शहर जुगाराचे असेल तर आज ना उद्या तो आणखी एक जागा शोधतो. जुगाराच्या इतिहासात कायदे असतात, पोलिसांच्या धाडी असतात, मटक्याचे 'सम्राट' असतात. शहरात नव्याने आलेल्या माणसाने आपला अड्डा कशाच्या भरवशावर निवडला, हा प्रश्न मात्र बाजूला पडतो. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

या माणसाचे आपल्या वाङ्मयातले जुने चित्र शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त आहे. गोविंद बल्लाळ देवलांमुळे हे नाटक मराठी रंगभूमीच्याही ओळखीचे झाले. मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकातला संवाहक पाटलिपुत्राचा. अंग चेपण्याची कला शिकलेला हा तरुण नवा मुलूख पाहण्याच्या हौसेने उज्जयिनीला येतो आणि चारुदत्ताकडे चाकरी धरतो. धनी गरीब झाल्यावर तो जुगारावर पोट भरू लागतो आणि एके दिवशी दहा सुवर्ण हरून पळत सुटतो. ओस देवळात उलट्या पावलांनी शिरून तो मूर्तीसारखा उभा राहतो. अड्ड्याचा मालक माथुर हे ओळखतो आणि त्याच्यासमोरच फासे टाकायला बसतो. फाशांचा आवाज ऐकून 'मूर्ती'ला राहवत नाही! प्रेक्षक हसतो, आणि हसताना एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते. माथुर लबाड नाही. त्याने फासे भारले नाहीत की हिशेब फिरवला नाही. त्याचे येणे खरे आहे, म्हणूनच तो इतक्या निर्धास्तपणे भर रस्त्यात संवाहकाला बडवतो. शेवटी वसंतसेना आपल्या हातातले कडे पाठवून ते देणे फेडते आणि संवाहक भिक्षू होतो.

असा खरा अड्डा असावा, ही राज्यकर्त्यांचीही इच्छा होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा, शुद्ध फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत, अशी व्यवस्था. याज्ञवल्क्य स्मृतीत अड्डेवाल्यावर, म्हणजे सभिकावर, जिंकणाऱ्याला त्याचे पैसे मिळवून देण्याची जबाबदारी टाकली आहे. मनूला हे मान्य नव्हते, त्याने जुगार मोडूनच काढा असे सांगितले. पुढच्या सगळ्या सरकारांनी सोयीप्रमाणे कधी मनूचे ऐकले, कधी कौटिल्याचे.

नाशिकला जुगाराचे शहर कुणी म्हणणार नाही. पण शेजारच्या देवळालीत परक्या मुलखात अडकलेल्यांची एक मोठी वस्ती होती. १८६१ पासून तिथे ब्रिटिश सैनिकांचा मुक्कामी तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने तिथे कंटाळून पडत. देवळालीच्या नावावरूनच इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसासाठी 'डूलॅली' हा शब्द रुळला. ब्रिटिश सैन्यात अधिकृत परवानगी होती ती एकाच जुगाराला, 'हाउस'ला, म्हणजे आपल्या हाउजीला. 'क्राउन अँड अँकर' हा सहा चिन्हांचा आणि तीन फाशांचा खेळ बंदी असूनही शिपायांचा आवडता होता. त्याचे गणित मांडले तर लावलेल्या शंभरातले पावणेआठहून थोडे अधिक पट मांडणाऱ्याकडे राहतात. कौटिल्याचे पाच जिंकलेल्या रकमेवरचे होते, हे लावलेल्या प्रत्येक रुपयावरचे. हा शेकडा पुढेही लक्षात ठेवावा.

आता मुंबई. एकोणिसाव्या शतकात तिथला गाजलेला जुगार पावसाचा होता. ठरलेल्या वेळात ठरलेल्या छपराची पन्हळ भरून वाहील की नाही, यावर पैजा लागत. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा पट, फासे, पत्ते अशी साधने डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यात पाऊस बसेना, कारण ढगाला जुगाराचे साधन कसे म्हणायचे? म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून पैज लावणेच जुगाराच्या व्याख्येत घेतले गेले. घोड्यांच्या शर्यतींना मात्र कायद्याने वेगळी वाट करून दिली. महालक्ष्मीचे मैदान गिरण्यांच्या धुराड्यांपासून हाकेच्या अंतरावर होते, आणि १९१२ मध्ये शर्यतींच्या मैदानांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदाही झाला. साहेबाच्या घोड्याला परवाना आणि पेढीवाल्याच्या पावसाला हातकडी, अशी ही वाटणी. पण पावसाच्या जुगारात खेळणाऱ्याला एक मोठी सोय होती. पाऊस कुणाच्या खिशात नव्हता, त्यामुळे निकालाबाबत कुणावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती.

नाना मुंबईत आले तेव्हा आकड्यांचा जुगार चाले तो न्यू यॉर्कच्या कापूस बाजारावर. तिथले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांवर पैसे लागत. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. दिवसभर कापसाचे सूत काढायचे आणि रात्री कापसाच्याच भावावर चार आणे लावायचे, असे कामगाराचे दुहेरी नाते होते. इथेही निकाल मुंबईच्या हातात नव्हता. १९६१ मध्ये न्यू यॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले आणि जुगार करणाऱ्या अख्ख्या शहरावर आकडा कुठून आणायचा असा प्रसंग ओढवला.

त्याला उत्तर दिले ते बाहेरून आलेल्या दोघांनी. कच्छमधून येऊन किरकोळ कामे आणि किराण्याचे दुकान केलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आपला खेळ सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये वेगळी चूल मांडली. आधी मडक्यातून चिठ्ठी निघे, म्हणून 'मटका'. पुढे पत्ते आले. तीन पाने काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. तीन, सहा, आठ निघाले तर सतरा, म्हणजे सात. ही झाली ओपन, तशीच क्लोज, दोन्ही मिळून जोडी. कल्याणचा खेळ आठवड्याचे सातही दिवस, खत्रींचा सोमवार ते शनिवार.

इथे इतिहासाने एक वळण घेतले. आकडा आता आभाळातून किंवा समुद्रापलीकडून येत नव्हता, शहरातलाच एक माणूस तो काढत होता. तरीही लाखो लोक खेळले, ते पाने लोकांसमोर उघडली जातात या भरवशावर. खत्रींची प्रतिष्ठा सगळी या एका गोष्टीवर उभी होती. १९७५ चा 'धर्मात्मा' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरून बेतला आहे असे मानले जाते.

पण गिरणगावातला कामगार खत्रींकडे थोडाच जात होता? त्याचा संबंध येई तो कोपऱ्यावरच्या चिठ्ठी लिहिणाऱ्याशी. पानाची गादी, विडीचे दुकान, चाळीच्या जिन्याखालचा बाक. अशा जागा एका गल्लीत चार असत. नानांनी त्यांतली एक कशी निवडली ते त्यांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितले. पहिली गोष्ट, लागलेल्या आकड्याचे पैसे त्याच रात्री मिळतात का. दुसरी, हा माणूस पैसे वर पाठवतो की स्वतःच्या अंगावर घेतो. अंगावर घेणारा मोठी जोडी लागली की दुकान बंद करून पसार होतो. तिसरी, हवालदाराशी त्याचे बरे आहे का. आणि चौथी, तो कुठला आहे. नानांचा माणूस सिन्नरच्या शेजारच्याच गावचा निघाला. "गाववाला होता रे. एक पैसा बुडवला नाही त्यानं कुणाचा," असे नाना म्हणाले, आणि ते खरे होते. गिरणगावात नोकरी गाववाल्यांच्या शिफारशीने, खोली गाववाल्यांच्या गाळ्यात, जेवण ओळखीच्या बाईच्या खानावळीत. मटकाही त्याच वाटेने आला यात नवल नाही.

हिशेब पाहू. एका अंकावर रुपया लावला आणि तो लागला की नऊ मिळत, जोडीला नव्वद. अंक दहा आणि जोड्या शंभर, तेव्हा ढोबळमानाने शंभरातले दहा अड्ड्याचे. युरोपातल्या एका शून्याच्या रूलेटमध्ये हाच वाटा पावणेतीनपेक्षा कमी आहे. दिवसाला दोन रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस लावले तर बावन्न रुपयांत सरासरी पाच रुपये वीस पैसे जातात. एवढ्याने कुणी देशोधडीला लागत नाही. देशोधडीला लागतो तो उधारीने. आणि उधारी फक्त विश्वासू माणूस देतो. लबाड बुकीने दोनदा फसवले की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा जात नाही. नानांच्या बुकीने कधी फसवले नाही, म्हणून नाना तेवीस वर्षे जात राहिले. महिनाअखेरीला खिसा रिकामा असला तरी चिठ्ठी लिहिली जाई आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी तो नम्रपणे उभा असे. एवीतेवी गाववालाच, त्याला चुकवून जायचे तरी कुठे? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा नानांच्या नावावर त्या माणसाच्या वहीत रक्कम होती. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात काकूंच्या पाटल्या गेल्या. धाकदपटशा झाला नाही, एक वावगा शब्द निघाला नाही. वही दाखवली, एवढेच. वसंतसेनेचे कडे वाचताना मला त्या पाटल्या आठवतात, पण नानांना फेडून मोकळे करणारी वसंतसेना नव्हती. पाटल्या काकूंच्याच होत्या.

अशा वेळी शासन काय करत होते? आकड्यांच्या जुगारावर धाडी घालणाऱ्या महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ ला स्वतःची राज्य लॉटरी सुरू केली. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात होते. नेमक्या त्याच काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला. मटकेवाला आत आणि कॅसिनोला कागदावर पायघड्या! तो कायदा कधी अंमलात आला नाही. तसाच पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षे वापर न झालेल्या या कायद्यावर एखाद्या अभ्यासकाने स्वतंत्र लिहावे.

गोव्यानेही १९७६ मध्येच जुगारबंदीचा कायदा केला, पण पुढे त्यात दारे पाडली. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले, १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर टेबले आली. आज मांडवीत उभ्या असलेल्या रोषणाईच्या बोटी त्या दुरुस्तीची देणगी. नाशिकहून सुटीत गोव्याला जाणारी तरुण मंडळी बोट निवडतात ती प्रवेशाच्या रकमेत किती चिप्स, जेवण कसले, गाणे कुणाचे हे पाहून. पैसे मिळतील का, हा नानांचा पहिला प्रश्न त्यांना पडत नाही. परवाना आहे, कॅमेरे आहेत, पावती आहे. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष कित्येक शतकांनी बोटीवर चढला आहे, असे म्हणता येईल. मी एकदा भाच्यांबरोबर गेलो होतो. रूलेटच्या टेबलावर शून्याची किती घरे आहेत ते पाहा, असे त्यांना सांगितले. एक शून्य असेल तर अड्ड्याचा वाटा शेकडा २.७, दोन असतील तर ५.२६. त्यांनी ऐकून घेतले आणि गर्दी जिथे होती त्या टेबलाकडे गेले. मी बाहेर डेकवर जाऊन बसलो. आमच्या घराण्याला ओट्याची सवय आहेच.

त्या सहलीत जेट्टीवर एक गोष्ट कळली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथल्या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. आपल्या लोकांचे संसार मोडू नयेत म्हणून हा निर्णय झाला. एकवीस वर्षांखालच्यांना बंदी आहेच. तिकीट काढताना माझा भाचा आधार कार्डावरचा नाशिकचा पत्ता पुढे करत होता आणि शेजारच्या रांगेतल्या एकाला परत पाठवले जात होते. तो मूळचा आमच्याच बाजूचा, निफाडचा. नोकरीसाठी पणजीत स्थायिक झालेला आणि वर्षभरापूर्वी पत्ता बदलून घेतलेला. बरोबर आलेल्या आपल्या नाशिककर मेहुण्याला त्याने पाचशेच्या चार नोटा दिल्या, कुठे लावायच्या ते सांगितले, आणि तो जेट्टीवरच्या कठड्यावर टेकून थांबला.